एक डोनलला, दोन तुला

नावन,
सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४

शिरीष भावोजी,

शुक्रवारी हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडीची काच अर्धी खाली करून तुम्ही म्हणालात, "यामिनी, आत्ता नको. जे काय म्हणणं असेल ते लेखी दे." हाताखालच्या माणसाला सांगतात तसं. ठीक आहे, घ्या लेखी. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मेव्हण्याला पोस्टाने पत्र पाठवणारी आयर्लंडातल्या या गावात मी पहिलीच असेन. पण व्हॉट्सअॅपवर लिहिलं की तुम्ही हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होता, आणि मला या वेळी चित्र नकोय.

वर 'सप्रेम नमस्कार' नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. विसरले नाही. लिहिलेला नाही.

हे पत्र सुरेखाताईच्या हाती पडणार, तेव्हा तिलाही नीट कळावं म्हणून पहिल्यापासून लिहिते. गेल्या उन्हाळ्यात आपल्या भागातल्या म्हाताऱ्या कौन्सिलरने निवृत्ती जाहीर केली. त्या आठवड्यात नोरा माझ्या फार्मसीत गोळ्या न्यायला आली आणि काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाली, "त्या जागेवर तू उभी राहा. या गावात कुणाला काय दुखतं हे तुझ्याएवढं कुणाला माहीत आहे?" नोरा पक्षात पन्नास वर्षं आहे. मी हसले. महिनाभर हसले. मग एक दिवस एक बाई तापाने फणफणलेलं बाळ घेऊन डॉक्टरकडे न जाता माझ्याकडे आली, कारण नवीन पेशंट घेणारा डॉक्टर गावात उरलेला नाही, आणि हॉस्पिटलची इमर्जन्सी राहणार की जाणार याची कोणी खात्री देत नाही. त्या दिवसापासून हसणं थांबलं.

पक्षाचा उमेदवार कोण, हे इथे पक्षाचे सभासद मतं देऊन ठरवतात. त्याला कन्व्हेन्शन म्हणतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर मी आपल्या लोकांना सभासद करून घेतलं तेव्हा माइक कोणाच्या हातात होता? "आपली मुलगी कौन्सिलमध्ये पाठवायची आहे," असं कोण म्हणालं? टाळ्या कोणाला मिळाल्या?

शुक्रवारी सगळे आले. नवे कोट, केस विंचरलेले, लग्नाला आल्यासारखे. आम्ही तिघं उभे होतो: डोनल, फिन्टन आणि मी. उमेदवारी एकच. प्रत्येकाने कागदावर आपल्या पसंतीने एक, दोन, तीन असे आकडे टाकायचे. मत टाकून आपली माणसं एकेक करून माझ्याजवळ येत होती आणि हात दाबून म्हणत होती, "दिलं हं तुला." कोणी खोटं बोललं नाही, हे मला नंतर कळलं. पहिली मोजणी झाली आणि मी तिसरी आले. तिसरा बाद. माझी मतं उरलेल्या दोघांत वाटली गेली आणि डोनल निवडून आला. नोरा माझ्या कोटात तोंड खुपसून रडली. मी तिला थोपटत होते आणि डोक्यात हिशेब चालू होता. नोराच्या मैत्रिणी, दुकानातली ओळखीची माणसं, आणि आपली सगळी. हिशेब जुळत नव्हता.

तो नंदाने जुळवला. हॉस्पिटलमध्ये रात्रपाळ्या करणारी नंदा, सरळ बाई. चहाचा कप हातात घेऊन आली आणि म्हणाली, "मग झालीस ना तू? आम्ही सगळ्यांनी दोन दिला ना तुला!" मी म्हटलं, कसले दोन? "अगं, शिरीषदादांनी समजावलं होतं की! एक डोनलला, दोन तुला. म्हणजे डोनल पण दुखावत नाही आणि तू पण येतेस."

नंदाला वाटलं दुसऱ्या नंबरालाही काही मोल असतं. बिचारीचं काय चुकलं? पाहुण्याला पहिलं ताट वाढायचं आणि घरच्याला नंतर, हे आपल्या हाडात मुरलंय. पण दुसरा नंबर केव्हा बघतात? पहिला माणूस बाद झाला तर, किंवा त्याला गरजेपेक्षा जास्त मतं पडून ती दुसऱ्या जागेसाठी उरली तर. डोनल बाद झाला नाही आणि दुसरी जागाच नव्हती. आपल्या माणसांचे सगळे कागद डोनलच्या गठ्ठ्यात जाऊन पडले आणि त्यावरचं माझं नाव कोणी वाचलंसुद्धा नाही.

तुम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणू नका. कोजागिरीला तुम्हीच सगळ्यांना बासुंदी, श्रीखंड आणि गाजर हलवा यांची निवडणूक घेऊन ही पद्धत शिकवली होती. श्रीखंड कसं बाद झालं आणि त्याला दुसरा नंबर देणाऱ्यांचं कसं काहीच चाललं नाही, यावर तुम्ही विनोदही केला होता. लोक हसले आणि विसरले. तुम्ही विसरणाऱ्यातले नाही. लिक्सलिपच्या चिप कारखान्यात तुम्ही दिवसभर केसाच्या शतांशाएवढी चूक शोधता.

तेव्हा एकच प्रश्न आहे. ही चूक होती, की ठरवून केलंत? उत्तर लेखी द्या.

तुमची मेहुणी, अजून तरी,
यामिनी


नावन,
रविवार, ३ मार्च २०२४

भावोजी,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं, मुद्द्यांना आकडे घातलेले. तीन आठवडे लागले त्याअर्थी मसुदे बरेच झाले असणार. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नाही. 'झालं ते झालं' हे उत्तर नव्हे, आणि 'तुझ्या भल्यासाठी' हे तर त्याहून नव्हे. माझं भलं मला विचारून करत जा.

तुमचा पहिला मुद्दा: जूनच्या निवडणुकीत गोरे लोक ब्राउन बाईला मत देणार नाहीत, जागा जाईल, आणि खापर आपल्या समाजावर फुटेल. बरं. मग कन्व्हेन्शनला मला जे पहिले नंबर मिळाले ते कोणाचे? आपल्यांचे तर नव्हतेच, ते तुम्ही डोनलच्या पदरात घातलेत. जे मिळाले ते नोराचे, तिच्या ब्रिजच्या क्लबातल्या बायकांचे, बाजारातल्या खाटकाचे. गोरे मत देत नाहीत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून दिलं त्यांनी. ज्यांना सांगितलं होतं त्यांनीच दिलं नाही.

सगळे गोरे देवमाणसं आहेत असं मी म्हणत नाही. कन्व्हेन्शनच्या आधी सभासदांच्या दारोदार फिरत होते तेव्हा एक गृहस्थ फार गोड हसून म्हणाले, "मुलगी छान आहेस गं तू. पण निवडून आलीस तर बघशील कोणाचं?" डोनलला हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो कोणाचं बघणार हे सगळ्यांना जन्मापासून ठाऊक आहे.

आणि गावच्या त्या साप्ताहिकाचा बातमीदार. त्याने डोनलला रेल्वेचं विचारलं, फिन्टनला घरांच्या भाड्याचं विचारलं. मला विचारलं की नोव्हेंबरात डब्लिनमध्ये बाहेरून आलेल्यांविरुद्ध दंगल होऊन बस जाळल्या तेव्हा भीती वाटली का, घरी तिखट किती खातो, आणि फोटोसाठी साडी नेसशील का. मी इमर्जन्सीवर दहा मिनिटं बोलले. तो मान हलवत होता, लिहीत नव्हता. साडी नेसले. जानेवारीच्या वाऱ्यात, कोट काढून, पुलावर उभी राहिले. वाटलं, फोटो तर छापून येईल. आला. खाली लिहिलं होतं: 'रंगीबेरंगी उमेदवार'.

आता परवाचा अंक. ठळक मथळा, मराठीत सांगायचा तर: 'भारतीय समाज स्थानिक माणसाच्या पाठीशी'. आणि त्यात तुमचं वाक्य, नावानिशी. "आम्ही समाज म्हणून अनुभवाला प्राधान्य दिलं." भावोजी, डोनल सहा वर्षांपूर्वी कॅव्हनहून इथे राहायला आला. मी सतरा वर्षं इथे आहे. पण स्थानिक तो. हे त्या बातमीदाराने लिहिलं याचं मला नवल नाही. तुम्ही त्याला दुरुस्त केलं नाहीत याचा राग आहे. चिपमधली चूक दिसते, ही दिसली नाही?

तुमचा दुसरा मुद्दा, डोनल आपले उपकार लक्षात ठेवील. ठेवील हो. दिवाळीला येईल, चकली खाईल, 'ग्रँड' म्हणेल आणि जाईल.

आता तुम्हाला आवडणार नाही अशी बातमी. काल पक्षाच्या डब्लिन ऑफिसातून फोन आला. जूनमध्ये आपल्या भागातून कौन्सिलवर अनेक जण निवडायचे आहेत, तेव्हा डोनलच्या जोडीला दुसरी उमेदवार म्हणून ते माझं नाव वरून घालत आहेत. तसं त्यांना करता येतं. त्या बाईने 'डायव्हर्सिटी' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की माझं खरं नाव तिला आठवतंय का अशी शंका आली. हॉस्पिटल हा शब्द एकदाही नाही. तुमचा साडू पियूष म्हणाला, "नाही म्हण. शोभेची बाहुली करतील तुझी." मी हो म्हटलं. पुढच्या दाराने तुम्ही जाऊ दिलं नाहीत, मागच्या दाराने का होईना, आत तर शिरते. आत गेल्यावर कोण बाहुली ते बघू.

एक तासाच्या आत मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यात पहिलं अभिनंदन तुमचं. हाराच्या चित्रासकट. तुमच्या चपळाईला मानलं पाहिजे.

यामिनी


नावन,
गुरुवार, १८ एप्रिल २०२४

भावोजी,

अंक बघितला. पान एक. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमातला प्रमुख पाहुणा डोनल, डोक्यावर फेटा, कपाळावर नाम, हातात गुढीची काठी धरलेली, आणि तुम्ही त्याच्या फेट्याचा शेमला नीट करताय. खाली ओळ: 'नव्या समाजांना आपलंसं करणारा उमेदवार'.

मी साडी नेसले की रंगीबेरंगी होते. त्याने फेटा घातला की मोठ्या मनाचा होतो. अंगावरचं कापड आपलंच, दोन्ही वेळा.

या फोटोत तुमच्या डाव्या हाताला मी उभी होते. माझं कोपर दिसतंय. बाकीची कापली आहे. कोपर ओळखलंत का?

फेटा कोणाचा होता तेही कळलं. ताईच्या लग्नात आमच्या बाबांनी बांधलेला. तो परत करायची गरज नाही. डोनललाच देऊन टाका.

यामिनी


नावन,
रविवार, १९ मे २०२४

भावोजी,

या वेळी रागावून लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही जमेल असं वाटत नाही.

माझी पोस्टरं खांबांवर लागली आहेत, ती तुम्ही ऑफिसला जाताना पाहत असाल. रोज काही फाटतात. सगळी नाही. डोनलचं वर, माझं खाली, अशा खांबांवर बरोबर खालचंच फाटतं, आणि फाडणारा शिडी न वापरता पोचतो असं पोलीस म्हणाले. म्हणजे उंचीचा प्रश्न आहे म्हणे. बातमीदार लगेच धावत आला. या वेळी त्याने सगळं लिहून घेतलं. पान तीनवर माझा चेहरा आला, पोस्टरवरचा, मधोमध चिरलेला. मी त्याला म्हटलं, "हॉस्पिटलबद्दल चार ओळी घाल." तो म्हणाला, "नक्की." नाही घातल्या. दोन वेळा माझ्यावर बातमी आली. एकदा मी नटले होते, एकदा मी फाटले होते. मधल्या वेळात मी काय म्हणते हे या गावाला वाचायला मिळालेलं नाही.

तुमची श्रावणी माझ्याबरोबर पोस्टरं लावते. तुम्ही नको म्हटलंत, तिने ऐकलं नाही. शिडीवर ती चढते, मी खाली धरते. काल डोनलच्या माणसाने आमचं एक पोस्टर काढून त्याचं वर लावलं तर ही मुलगी भर रस्त्यात त्याला ओरडली. मग खाली उतरून मला म्हणाली, "यॉर मॅन इज अ प्रॉपर पेन, मावशी." म्हणजे हा बाबा नुसता डोक्याला ताप आहे. मी तिला म्हटलं मराठीत बोल. म्हणाली, "मराठीत शिवी द्यायची नाही असं बाबांनी सांगितलंय."

आता मुद्दा. मतं वाया जाऊ नयेत म्हणून पक्षाने गावाचे दोन भाग केले आहेत. एका भागाला सांगायचं, एक डोनलला आणि दोन यामिनीला. दुसऱ्याला उलट. नकाशावर रेघ ओढणाऱ्या माणसाने जुनं गाव डोनलला दिलं आणि नव्या वसाहती मला. मी म्हटलं, "जुन्या गावात माझं दुकान आहे. नोरा तिथे राहते. मला ओळखणारी माणसं सगळी तिथे आहेत." तो म्हणाला, "तुझ्या लोकांत तुझं जास्त चालेल ना." माझे लोक! नोराला हुकूम गेला आहे की पहिला नंबर डोनलला द्या. ती म्हातारी फोन करून मला विचारते, "हे खरं का गं?" पक्षात पन्नास वर्षं काढलेली बाई आहे ती, शिस्त मोडणार नाही. आणि माझ्या वाट्याला कोण, तर तुमची वसाहत. ज्यांच्या हातून फेब्रुवारीत पडले, तेच.

बुधवारी ताई दुकानात आली. खोकल्याचं औषध मागितलं, पण खोकत नव्हती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत शाम्पूच्या बाटल्या वाचत उभी राहिली. मग तिने नोव्हेंबरचं सांगितलं. डब्लिनच्या त्या आठवड्यानंतर श्रावणी मेनूथच्या बसमध्ये होती. मागून एकाने "गो होम" म्हणत तिच्या डोक्यावर कोकचा कॅन उपडा केला. बस भरलेली होती. कोणी उठलं नाही. ड्रायव्हरने तिला पुढे येऊन बसायला सांगितलं, त्या माणसाला काही नाही. ती मधेच उतरली, तुम्ही लिक्सलिपहून गाडी काढून गेलात, आणि ती रस्त्याच्या कडेला ओल्या केसांनी उभी होती. यामिनीला सांगायचं नाही, ती पेपरात नेईल, अशी तुम्ही दोघींना शपथ घातलीत. त्या रात्री तुम्ही ताईला म्हणालात, "आपलं आडनाव या गावच्या खांबांवर लागायला नको."

माझं आणि तुमचं आडनाव एक नाही, पण चेहरा एकच आहे हे तुम्हाला कळलं. म्हणजे तेव्हाच ठरवलंत. नंदाला जे वाटलं ती चूक होती. तुम्ही केलंत ते ठरवून.

त्या संध्याकाळी मी दुकान बंद करून बराच वेळ आत बसून राहिले. श्रावणीचे केस लहानपणी मी विंचरलेत. मला रडू आलं आणि तुमची कीवही आली, हे खरं आहे, लपवत नाही. तुमची भीती खोटी नाही. माझ्या काउंटरवरसुद्धा एक माणूस येतो, मी औषध पुढे केलं तर म्हणतो, "त्या दुसऱ्या मुलीला देऊ दे." दुसरी मुलगी म्हणजे माझ्या हाताखाली शिकणारी ईफा, तिला अजून गोळीचं नावसुद्धा नीट वाचता येत नाही. तो उभा राहतो, ती येईपर्यंत. हे मी तुम्हाला कधी सांगितलं? नाही. म्हणजे लपवण्यात आपण दोघंही सारखेच.

पण कीव सकाळपर्यंतच टिकली. भीती वाटली तर दारावर येऊन सांगायचं होतं, "यामिनी, उभी राहू नकोस. पोरीची काळजी वाटते." मी भांडले असते. कदाचित ऐकलंही असतं. तुम्ही ते केलं नाहीत. तुम्ही माइकवरून टाळ्या घेतल्यात आणि मागून पाय ओढलात, तेही असे की मला पाडणाऱ्या माणसांना वाटावं आपण हिला निवडून देतोय. ज्याने कॅन उपडा केला त्याला तुम्ही काही करू शकला नाहीत. मला करू शकत होतात, मला केलंत. आणि जिच्यासाठी केलंत म्हणता, ती माझ्या शिडीवर चढते आहे. तिला कधी विचारलंत?

सात जूनला तुमच्या वसाहतीत एक माझ्या नावापुढे हवा. दोन नको. तुम्ही ग्रुपवर एक ओळ लिहिलीत की होईल, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ही विनंती नाही. फेब्रुवारीत जे नेलंत ते परत मागते आहे.

यामिनी


नावन,
मंगळवार, ११ जून २०२४

भावोजी,

काल तुम्ही पेढे वाटत होतात म्हणून बोलले नाही. आज बोलते.

शनिवारी सकाळी मी मोजणीच्या हॉलमध्ये कठड्याशी उभी होते. इथली पद्धत तुम्हाला माहीत आहे. पेट्या उघडल्या की खरी मोजणी सुरू व्हायच्या आधी पक्षाची जुनी माणसं कठड्यावर ओणवी होऊन उलगडणाऱ्या प्रत्येक कागदावरचा आकडा टिपून घेतात, पेटी कुठल्या शाळेतली हे बघून. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, कानामागे पेन्सिल. तुमच्या वसाहतीची पेटी टेबलावर आली. कागद उघडत गेले. मी तुमच्या ग्रुपवरची ओळ पाहिली नव्हती, मला त्यातून काढलंय, पण ती ओळ काय होती ते मला तिथेच वाचता आलं. डोनल एक, मी दोन. डोनल एक, मी दोन. म्हाताऱ्याला वाईट वाटलं. त्याने पेन्सिल थांबवली आणि म्हणाला, "तुझ्या घराच्या बाजूला डोनल जोरात आहे गं." मी म्हटलं, हो.

नोराच्या पेटीतही डोनल एक, मी दोन निघाला. तिथे तसाच हुकूम होता, आणि त्या बायकांनी तो पाळला. माझे पहिले नंबर आले ते कुठून कुठून, पोलिश दुकानाच्या मागच्या घरांतून, नायजेरियन चर्चच्या रस्त्यावरून. ज्यांच्याशी माझी नीट ओळखही नाही.

डोनल पहिल्याच फेरीत निवडून आला आणि वर मतं उरली. ती दुसऱ्या नंबरांप्रमाणे वाटली, आणि त्यांतली बहुतेक माझ्याकडे आली. त्यावर तग धरून काल दुपारी शेवटची जागा मी जिंकली. आणि तुम्ही हॉलमध्ये शिरलात, हातात पेढ्यांचा खोका, डोनलच्या पाठीवर थाप, आणि त्या बातमीदाराला सांगितलंत, "समाजाची ही स्ट्रॅटेजी होती." त्याने ते लिहून घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढलात. मी हसले. मला हसायलाच पाहिजे होतं, आता मी कौन्सिलर आहे.

तुम्ही बरोबर ठरलात, हे मला गिळता येत नाही. तुमच्या दोन नंबराने फेब्रुवारीत मी पडले आणि त्याच दोन नंबराने जूनमध्ये निवडून आले. उद्या कोणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, बघ, मी काय सांगत होतो. खरं म्हणजे ती वरची मतं नोराची होती की तुमची, हे कोणालाही सांगता येणार नाही, सगळी एकाच गठ्ठ्यात होती. मी ती नोराची धरते. तुम्ही तुमची धरा. तुम्ही धरणारच.

पण मला सीटपेक्षा दुसरंच काही हवं होतं. हॉलच्या बाहेर पायरीवर मी ताईला गाठलं. श्रावणी आमच्या मधे उभी होती. मी विचारलं, "ताई, तू काय दिलंस?" तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "यामू, घरात एकमत नको का?"

श्रावणी म्हणाली, "मी वन दिला, मावशी. ऑब्व्हियसली." ताईने तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

म्हणून हे शेवटचं लेखी, आणि हे ताईला वाचून दाखवा, ती आज-उद्या करून टाळील. तुमच्या रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत, ते काम मी करून देईन. इमर्जन्सीसाठी भांडेन, त्यात तुमचंही दुखणं येतं. दारावर याल तर चहा मिळेल. पण पुढच्या वेळी मला एक द्या, नाहीतर मुळीच देऊ नका. डोनलला द्या, फिन्टनला द्या, कागद कोरा टाका. मला दुसऱ्या नंबरावर ठेवणारी माणसं या देशात घरोघरी आहेत, भावोजी. त्यांच्याशी मी भांडू शकते. ताईशी कशी भांडू?

यामिनी